नेटवरची 'लाइन' घ्यावी की फ्री डिशची छत्री नीट लावावी?

दापोलीकर
दापोलीच्या घरी टीव्ही लावायचा आहे. बाजारात एक बॉक्स मिळतो. त्याला छत्रीची केबल लागते आणि नेटही लागतं. दुकानदार म्हणतो, वर्षाचे पैसे एकदाच भरा, सगळे पे चॅनल दिसतील. तो त्याला 'लाइन' म्हणतो. हे नक्की काय असतं? दुसरा पर्याय डीडी फ्री डिशचा आहे. तिथे पाऊस भरपूर आणि घराभोवती माडही आहेत. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

केयूबँड
ती 'लाइन' म्हणजे कार्ड शेअरिंग. ते कसं चालतं हे कळलं की ते घ्यायचं का नाही, हेही कळतं.

पे चॅनल उपग्रहावरून येतो तो कुलूप लावून. त्या कुलपाची किल्ली, म्हणजे कंट्रोल वर्ड, साधारण दर दहा सेकंदांनी बदलते. चित्राबरोबरच ईसीएम नावाचे छोटे संदेश येत असतात आणि नवी किल्ली त्यातच गुंडाळलेली असते. तुमचा अधिकृत बॉक्स तो संदेश स्मार्ट कार्डाला देतो. कार्डावर वर्गणी चालू असेल तर कार्ड किल्ली काढून देतं. वर्गणी भरली की संपली, हे कार्डाला ईएमएम नावाच्या वेगळ्या संदेशांतून कळतं.

शेअरिंगमध्ये कार्ड कुठेतरी तिसरीकडेच असतं. तुमचा बॉक्स ईसीएम नेटवरून तिकडे पाठवतो आणि किल्ली परत येते. चित्र तुमच्याच छत्रीवर येतं, नेटवरून फक्त किल्ली येते. म्हणूनच दुकानदार 'नेट हळू असलं तरी चालतं' असं सांगतो. डेटा खरंच कमी लागतो. पण किल्ली वेळेत यावी लागते. एका कार्डाला एक ईसीएम सोडवायला सेकंदाचा काही भाग लागतो. त्याच कार्डावर शेकडो गिऱ्हाइकं बसवली की रांग लागते आणि पुढची किल्ली येण्याआधी जुनी संपते. मग चित्र दर काही सेकंदांनी गोठतं. लोक छत्री हलवत बसतात आणि दोष छत्रीत नसतोच.

दुसरं म्हणजे, अलीकडच्या यंत्रणांमध्ये कार्ड आणि बॉक्सची चिप यांची जोडी बांधलेली असते. कार्ड किल्ली देतं तीही त्याच एका चिपला उलगडेल अशा रूपात. ती दुसऱ्या बॉक्सला निरुपयोगी. अशा कंपन्यांचे चॅनल एका रात्रीत जातात आणि वर्षाचे पैसे घेतलेला माणूस फोन उचलत नाही.

नियमपंडित
कायद्याचं स्पष्ट लिहून ठेवतो. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. हक्क मोडण्यासाठी तांत्रिक कुलूप चुकवणं हा त्यात गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. प्रक्षेपण करणाऱ्याचा वेगळा हक्क कलम ३७ मध्ये आहे. 'मी फक्त बॉक्स विकत घेतला' या म्हणण्याला फारसा आधार नाही. या धाग्यावर सर्व्हरचे पत्ते, सेटिंग किंवा विक्रेत्यांचे नंबर देऊ नयेत ही विनंती.

तारजोड
कायदा बाजूला ठेवला तरी मी तो बॉक्स घराच्या नेटला जोडू देणार नाही. त्यातलं सॉफ्टवेअर कुणी बनवलं हे कुणालाच ठाऊक नसतं. त्याला अपडेट विक्रेत्याच्या सर्व्हरवरून येतात. काही ठिकाणी राउटरवर पोर्ट उघडायलाही सांगतात. त्याच राउटरवर घरातले मोबाइल आणि बँकेचे व्यवहार चालतात. घरात असा बॉक्स आधीच असेल तर निदान राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर टाका आणि उघडलेले पोर्ट आजच बंद करा.

केयूबँड
आता फ्री डिशकडे येतो. दापोलीकर, तुमच्यासाठी योग्य तेच आहे.

डीडी फ्री डिश प्रसार भारतीची सेवा. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. महिन्याचं शुल्क नाही. सध्या जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्व. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन ५ ने तो सोडला. डीडी सह्याद्री चॅनल फ्री डिशवर आहेच. खासगी चॅनलना जागा लिलावाने मिळते आणि ती १ एप्रिल ते ३१ मार्च अशी असते. त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला चॅनल 'गायब' होतात. ते बिघडलेले नसतात, फक्त पुन्हा स्कॅन करायचं असतं.

बॉक्स घेताना एमपेग-४ (चित्र दाबून लहान करण्याची नवी पद्धत) आणि डीव्हीबी-एस२ (उपग्रहावरून सिग्नल पाठवण्याची नवी पद्धत) दोन्ही चालणारा घ्या. जुना एमपेग-२ बॉक्स छत्री अगदी बरोबर असली तरी एमपेग-४ मधले चॅनल दाखवणार नाही.

एलएनबी म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरची, सिग्नल पकडणारी डबी. मेनूमधली सेटिंग: एलएनबी फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६०० म्हणजे युनिव्हर्सल, २२ किलोहर्ट्झ बंद, डायसेक (अनेक एलएनबींतून एक निवडणारा स्विच) बंद, ध्रुवण, म्हणजे लहरींची दिशा, व्ही म्हणजे उभी (एच म्हणजे आडवी). छत्री लावताना ११०९०, १११७०, ११४७०, ११५५० किंवा ११६३० यातला एखादा ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरचा, बरेच चॅनल एकत्र पाठवणारा पट्टा) घ्या, सिम्बॉल रेट (डेटाचा वेग) २९५००. सगळे लो बँडमध्ये, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात, आणि सगळे व्ही. हे लक्षात ठेवा, पुढे दोन टीव्हींच्या वेळी उपयोगी पडेल.

आग्नेयदिशा
कोनांचं माझ्याकडे लागलं. आकडे ९३.५ अंशासाठी. पहिला दिगंश, म्हणजे उत्तरेपासून उजवीकडे मोजलेला कोन. दुसरा उंची, म्हणजे क्षितिजापासून वर मोजलेला कोन. तिसरा एलएनबीचा पीळ.

दापोली: १२९.५, ५८.८, ४७
मुंबई: १३१, ५७.५, ४५.५
पुणे: १३१.७, ५८.७, ४५
कोल्हापूर: १२९.४, ६०.४, ४८
छत्रपती संभाजीनगर: १३६, ५८.८, ४१
नागपूर: १४४.५, ६०.३, ३३
पणजी: १२६.८, ६०.९, ५०.५

आग्नेय म्हणजे १३५ अंश. कोकणात त्याच्या किंचित पूर्वेकडे, विदर्भात किंचित दक्षिणेकडे. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक नगण्य आहे, त्यामुळे होकायंत्राचं वाचन तसंच चालतं. मात्र मोबाइल लोखंडी रेलिंगजवळ किंवा पत्र्यावर धरून वाचू नका. चार पावलं लांब उभं राहून दिशा घ्या, समोरचा एखादा खांब किंवा झाड खूण म्हणून धरा आणि मग छत्रीपाशी या.

उंचीचं एक ध्यानात घ्या. आपल्या छत्र्या ऑफसेट असतात, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असते. ५९ अंशांवर बघणारी छत्री डोळ्यांना तेवढी आडवी दिसत नाही, ऑफसेटच्या वीस-पंचवीस अंशांनी उभी वाटते. म्हणून नजरेने न ठरवता मागच्या पट्टीवरचा काटा बघा. आणि तो काटा खांब उभा असेल तरच खरा. खांबाला ओळंबा दोन बाजूंनी लावा, समोरून आणि कडेने. खांब कलता असेल तर दिशा फिरवताना उंचीही बदलत जाते आणि माणूस तासभर गोल फिरत राहतो.

दापोलीकर
पिळाचं कळलं नाही. एलएनबी सरळ ठेवली तर काय होतं?

केयूबँड
एलएनबीच्या आत दोन बारीक सुया काटकोनात असतात, एक व्ही आणि एक एच. उपग्रह आपल्या थेट दक्षिणेला असता तर त्याची उभी रेघ आपल्यालाही उभी दिसली असती. तो पूर्वेला २० अंश बाजूला आहे, म्हणून तिथली 'उभी' आपल्याकडे तिरकी येते. पुण्या-मुंबईत जवळपास ४५ अंश तिरकी. आणि ४५ हा सगळ्यात त्रासदायक आकडा. एलएनबी सरळ ठेवली तर निम्मी ताकद जाते आणि एचचे सिग्नलही तेवढेच आत घुसतात. चुकून उलट्या बाजूला ४५ फिरवली तर पूर्ण ९० अंशांचा फरक पडतो आणि व्हीच्या जागी एच येतो. मग बॉक्सच्या मेनूतल्या दोन पट्ट्यांत स्ट्रेंथ भरपूर, क्वालिटी शून्य.

कुठल्या बाजूला? छत्रीच्या मागे उभं राहून, तिच्याबरोबर आकाशाकडे तोंड करा. एलएनबीची केबलची बाजू खाली, म्हणजे घड्याळात ६ वर असेल, तर ती साडेचारवर न्या. समोरून छत्रीकडे तोंड केलं तर तीच साडेसातवर दिसेल. ही सुरुवात. एलएनबीवरची शून्याची खूण वेगळ्या जागी असेल तर तिथून मोजा. शेवटी क्वालिटी बघत दोन-तीन अंश इकडे-तिकडे करा.

तारजोड
प्रत्यक्ष लावण्याचा क्रम सांगतो. दोन पाने (स्पॅनर) लागतील, १० आणि १३ नंबर. ओळंबा, पेन्सिल आणि छत्रीजवळ नेता येईल असा छोटा टीव्ही किंवा सॅट फाइंडर (सिग्नल मोजणारं छोटं यंत्र).

उंचीचा नट काट्यावर लावून अर्धवट आवळा. पीळ लावा. मग दिशेचा क्लॅम्प हाताने कष्टाने फिरेल इतकाच सैल ठेवा. दीड इंची नळीच्या खांबाचा घेर १२० ते १५० मिलिमीटर असतो. म्हणजे १ अंश म्हणजे खांबावर ०.३ ते ०.४ मिलिमीटर! एवढं हाताच्या झटक्यात कधीच निसटतं. खांब आणि क्लॅम्प दोघांवरून पेन्सिलची एक उभी रेघ ओढा. रेघेची जाडी सरकेल एवढंच हलवा आणि तीन सेकंद थांबा. बॉक्सला लॉक व्हायला तेवढा वेळ लागतो. भरभर फिरवणारे उपग्रहावरून चार वेळा जातात आणि त्यांना तो सापडत नाही.

पट्टी बघायची ती क्वालिटीची. स्ट्रेंथ म्हणजे एलएनबी चालू आहे आणि काहीतरी येतंय, एवढंच. छत्री भिंतीकडे केली तरी स्ट्रेंथ दिसते.

क्वालिटी सर्वांत जास्त मिळाली की दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली तर छत्री त्या बाजूला ओढली जाते आणि क्वालिटी पाच-दहा टक्के पडते. आवळून झाल्यावर पुन्हा वाचा. मग खांबावर रंगाची खूण करून ठेवा.

आग्नेयदिशा
९५ अंशावर दुसऱ्या डीटीएचचा उपग्रह आहे, जेमतेम दीड अंश अंतरावर. ६० सेंटिमीटर छत्रीचा झोत या फ्रिक्वेन्सीला साधारण ३ अंश रुंद असतो. म्हणजे शेजारचा उपग्रह तिच्या नजरेतच आहे. म्हणून लॉक झाला म्हणजे बरोबर जागी लागली असं समजू नका. स्कॅन करा आणि सह्याद्री येतं का ते बघा. ९० सेंटिमीटर छत्रीचा झोत २ अंशांवर येतो आणि ताकदही साडेतीन डेसिबलने वाढते. ७५ ची छत्री घेतली तर वाढ २ डेसिबलच्या जरा आत.

दापोलीकर
म्हणजे कोकणात ९० ची घ्यावी? आणि माडांचं काय करायचं?

आग्नेयदिशा
दापोलीला ७५ किंवा ९० घ्या. ६० ची छत्री उन्हाळ्यात उत्तम चालेल आणि जुलैत जोराची सर आली की जाईल. पावसाचे थेंब केयू बँडचा, म्हणजे या छत्र्यांच्या फ्रिक्वेन्सींचा, सिग्नल शोषतात आणि वर स्वतःचा गोंगाटही घालतात. साडेतीन डेसिबलने प्रत्येक सर वाचत नाही, पण मध्यम सरी निघून जातात. मात्र ९० ची छत्री वारा दुप्पट झेलते. कौलांच्या वाशाला ठोकू नका. खांब जमिनीत सिमेंटने बसवा किंवा स्लॅबवर चार अँकर फास्टनरने. खारी हवा आहे तेव्हा नटबोल्ट गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या आणि वरून ग्रीसचा हात द्या. दोन वर्षांनी पाना लागणारच नाही अशी अवस्था होऊ देऊ नका.

माडांसाठी एक बिनखर्ची युक्ती. १२-१३ मार्चच्या आसपास सकाळी अकरा-सव्वाअकराच्या दरम्यान, आणि १ ऑक्टोबरच्या आसपास अकराला पाच-दहा मिनिटं कमी असताना, सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. छत्रीच्या जागेवर त्या वेळी ऊन पडतं का, एवढंच बघायचं. झावळीची सावली पडली तर तीच झावळी सिग्नल अडवणार. ओली झावळी सुकीपेक्षा जास्त अडवते. जागा ठरवताना माड वाढणार आहे हेही धरा. वाऱ्याने झावळी हलली की दर काही सेकंदांनी चित्र फुटतं. ते फुटणं वाऱ्याच्या लयीत असतं, त्यावरून ओळखता येतं.

त्याच दिवसांत, त्याच वेळी काही मिनिटं चित्र जातं. तो बिघाड नाही, सूर्याचा गोंगाट आहे. आपोआप येतं. पाना हातात घेऊ नका.

तारजोड
आता केबल. अर्ध्याअधिक तक्रारी इथेच सुटतात.

आरजी-६ प्रकारची केबल वापरा, आतल्या तारेभोवतीची जाळी दाट असलेली. ३० मीटरला साधारण ८ डेसिबल जातात. त्यापेक्षा लांब न्यायची असेल तर आधी छत्रीचीच जागा बदलता येते का ते बघा. मध्ये जोड नको. एफ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाचे धातूचे जोड, दाबून बसवायचे, म्हणजे कॉम्प्रेशनचे घ्या. पीळ देऊन बसवायचे काही महिन्यांत सैल होतात. केबल सोलताना आतली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर २ मिलिमीटर राहू द्या. जाळीचा एखादा केसाएवढा तंतू आतल्या तारेला लागला की शॉर्ट. बॉक्सवर 'एलएनबी शॉर्ट' असं येतं किंवा बॉक्स बंद-चालू होतो.

तपासणी सोपी आहे. बॉक्स चालू ठेवा, ध्रुवण व्ही ठेवा, छत्रीकडचं टोक एलएनबीतून काढा आणि मल्टिमीटर डीसीवर लावा. मधली तार आणि बाहेरचा कनेक्टर यांत १३ ते १४ व्होल्ट यायला हवेत. शून्य आले तर केबल तुटली किंवा शॉर्ट आहे. १८ आले तर मेनूत एच पडलंय. १३ आहेत आणि एलएनबी जोडल्यावर १० वर येतात तर केबलची तार हलकी आहे किंवा कनेक्टर गंजलाय.

एलएनबीपाशी केबल थेट वर नेऊ नका. आधी खाली हातभर झोळ द्या, मग वर. पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, कनेक्टरमध्ये जात नाही. कनेक्टरवर सेल्फ-फ्युजिंग टेप ताणून गुंडाळा, खालून वर. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढ्याची कड पाण्यासाठी पन्हळ होते.

गिरगावमित्र
पाऊस थांबतो, ऊन पडतं, तरी दोन-तीन तास चित्र येत नाही. छत्री ६० ची आहे. मोठी घ्यावी का?

तारजोड
घेऊ नका. पावसाने गेलेलं चित्र सर ओसरल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत येतं. तासन् तास येत नाही म्हणजे पाणी आत गेलंय. आधी एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी बघा. ऊन खाऊन ती तडकते आणि केसाएवढ्या फटीतून पाणी आत बसतं. मग कनेक्टर उघडा. आतली तांब्याची तार हिरवट किंवा काळी पडली असेल तर तेवढी केबल कापून नवा कनेक्टर लावा. जाळी पुढेही काळी असेल तर चांगली जाळी दिसेपर्यंत कापत जा. टोपी तडकली असेल तर एलएनबी बदलाच. एम-सीलने बुजवलेली एलएनबी पुढच्या पावसात पुन्हा हेच करते.

गिरगावमित्र
धन्यवाद. दोन टीव्हींसाठी दोन छत्र्या लागतात का? दुकानदार ट्विन एलएनबी घ्या म्हणतोय.

केयूबँड
ट्विन एलएनबी हा सगळ्यात निर्वेध मार्ग. दोन स्वतंत्र तोंडं, दोन केबल्स. पण फ्री डिशला साधा स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या दोन करणारा जोडही चालतो, कारण सगळे ट्रान्सपॉन्डर व्ही आणि लो बँड. दोन्ही बॉक्सना एलएनबीकडून एकच गोष्ट हवी असते. इतर डीटीएचला हे जमत नाही, तिथे एक बॉक्स एच मागतो आणि दुसरा व्ही.

स्प्लिटर ५ ते २४०० मेगाहर्ट्झचा घ्या. केबल टीव्हीचा १००० पर्यंतचा स्प्लिटर १३४० च्या पुढचं गिळून टाकतो आणि आपल्याला तर १३४० ते १८८० लागतं. दोन्ही तोंडांना पॉवर पास असलेला, म्हणजे बॉक्सची वीज एलएनबीकडे जाऊ देणारा घ्या. एकाच तोंडाला असेल तर त्या खोलीतला बॉक्स भिंतीवरून बंद केला की दुसऱ्या खोलीतलं चित्रही जातं. वाटणीत ४-५ डेसिबल जातात, म्हणून क्वालिटी आधीच काठावर असेल तर हे करू नका.

एक खोड मात्र आहे. एका बॉक्सवर कुणी ऑटो स्कॅन लावलं आणि तो एच तपासायला १८ व्होल्ट पाठवू लागला, की एलएनबी वरचा व्होल्टेज मानते. दुसऱ्या खोलीतला टीव्ही तेवढा वेळ 'नो सिग्नल' होतो. स्कॅन संपलं की परत येतो.

लिनक्सप्रेमी
घरात तीन-चार टीव्ही किंवा मोबाइल असतील तर आणखी एक रस्ता आहे, आणि तो पूर्ण सरळ. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला डीव्हीबी-एस२ यूएसबी ट्यूनर जोडायचा, त्यावर टीव्हीहेडएंड हे टीव्ही सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवायचं आणि घरातल्या नेटवर्कवर फ्री चॅनल बघायचे. कार्ड नाही, किल्ली नाही, कारण कुलूपच नाही.

ट्यूनर घेण्याआधी लिनक्स कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर आहे का ते बघा. पायच्या यूएसबीवरून एलएनबीला वीज पुरत नाही, ट्यूनरला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर हवा. ब्राउझरमध्ये पोर्ट ९९८१ उघडलं की सेटिंग दिसतं. नेटवर्क डीव्हीबी-एस, एलएनबी युनिव्हर्सल, मग मक्स, म्हणजे एकेका ट्रान्सपॉन्डरची नोंद, हाताने भरा. फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये आणि सिम्बॉल रेट पूर्ण आकड्यात: ११०९०००० आणि २९५०००००. इथे शून्यं कमी पडली की स्कॅन अयशस्वी होतं आणि लोक ड्रायव्हर बदलत बसतात.

एक ट्यूनर एका वेळी एकच ट्रान्सपॉन्डर धरतो, पण त्यातले सगळे चॅनल एकदम देतो. २९५०० सिम्बॉल रेट, क्यूपीएसके (सिग्नलवर डेटा चढवण्याची पद्धत), ३/४ एफईसी (चारातला एक भाग चुका दुरुस्त करायला) असलेल्या जुन्या डीव्हीबी-एस ट्रान्सपॉन्डरमध्ये ४०.८ मेगाबिट प्रतिसेकंद मावतात. पायची यूएसबी आणि लॅन केबल ते सहज पेलते. वायफायवर मात्र चित्र अडखळलं तर छत्रीला हात लावण्याआधी पायला लॅन केबल लावून बघा. टीव्हीहेडएंडवर मोफत चॅनलच असले तरी ते घरापुरतंच ठेवा. राउटरबाहेर पोर्ट उघडून शेजाऱ्यांना चॅनल दिले की पुन्हा नियमपंडितांनी सांगितलेल्या कलम ३७ पाशी येतो.

दापोलीकर
ठरलं. ९० ची छत्री, एमपेग-४ बॉक्स, ट्विन एलएनबी. एकच शंका. विजा चमकतात तेव्हा?

तारजोड
खांबापासून जमिनीत पुरलेल्या अर्थिंगपर्यंत जाड तांब्याची तार वेगळी न्या, घरातल्या प्लगच्या अर्थिंगवर भिस्त ठेवू नका. आणि आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू होण्याआधीच, बॉक्सचा प्लग आणि छत्रीची केबल दोन्ही काढा. फक्त स्विच बंद करून भागत नाही, कारण वीज केबलमधूनच आत येते. काढलेलं टोक टीव्हीमागे लोंबकळत न ठेवता बॉक्सपासून हातभर दूर ठेवा.